अकरा मुंडकी आणि सोळा वाट्या

केतकीने बसवंतअण्णांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हिरवळीच्या कडेला डोळे मिटून उभे होते. सकाळचे सहा वाजले होते. गवतातून अकरा ठिकाणी पाण्याचे पिसारे उठले होते आणि त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. तिला वाटलं, म्हातारा सूर्याला नमस्कार करतोय.

"काका, भिजताय तुम्ही," ती वरच्या गॅलरीतून म्हणाली.

"गप बसा की स्वल्प," ते डोळे न उघडता म्हणाले. "चौथं खोकायलंय."

केतकीने कान दिला. तिला नुसतं पाणी ऐकू आलं.

त्यांनी कोपऱ्यातली चावी बंद केली. पिसारे खाली बसले. मग ते नेमके चौथ्या जागी गेले, उकिडवे बसले, गवतात बुडालेली प्लॅस्टिकची नळी दोन बोटांनी वर ओढली आणि तिची टोपी फिरवून काढली. टोपीखाली बोटाच्या पेराएवढी जाळी होती. जाळीत मोहरीएवढी गोगलगाय. त्यांनी ती तळहातावर घेऊन गॅलरीच्या दिशेने दाखवली आणि जाईच्या बुंध्याशी सोडून दिली.

"पाहुणा," ते म्हणाले. "आता ऐका."

चावी पुन्हा फिरली. केतकीला याही वेळी नुसतं पाणीच ऐकू आलं. पण ती चहाचा कप घेऊन खाली उतरली, आणि त्या दिवसापासून रोज उतरत राहिली.

केतकी पुण्याची. मराठीत एम. ए. केलेली. बंगळूरला, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत फोनवर दिसणाऱ्या सूचना मराठीत लिहायचं काम तिला मिळालं होतं. 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' हे वाक्य तिने पहिल्याच महिन्यात पन्नासेक वेळा लिहिलं. ऑफिसला आठवड्यातून एकदाच जायचं असल्यामुळे तिने देवनहळ्ळीच्या बाजूला, एका नव्या लेआउटमध्ये, म्हणजे बंगल्यांच्या वसाहतीत, अलकाकाकूंच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. अलकाकाकूंचं घराणं तीन पिढ्या बंगळूरचं. त्यांच्या मराठीत 'बरं'साठी 'सरी' आणि 'जरा'साठी 'स्वल्प' असे मिसळलेले की त्यांना ते शब्द कन्नड आहेत हे सांगितलं तर खोटं वाटावं.

बसवंतअण्णा अथणीकडच्या एका गावचे. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि दोन्ही सारख्याच चालीत. विशीत ते बंगळूरला आले आणि एका गोल्फच्या मैदानावर लागले. तिथे पितळेचे मोठे स्प्रिंकलर होते, टकटक आवाज करत फिरणारे. पहाटे खेळणारे येण्याआधी मैदान भिजवून व्हायला हवं. डिसेंबरात धुकं असं पडायचं की स्वतःचा हात दिसत नसे. तेव्हा कुठला स्प्रिंकलर अडला, कुठला नुसताच एका जागी ओततोय, हे कानानेच ओळखावं लागे. सत्तावीस वर्षं त्यांनी ते केलं. मैदान विकलं गेल्यावर ते या लेआउटमध्ये आले. इथे त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस हिरवळी, आणि गवतात पुरलेली चारशे ऐंशी प्लॅस्टिकची मुंडकी. स्प्रिंकलरच्या टोकाला ते मुंडकंच म्हणत. पाणी आलं की वर येतं, गेलं की खाली बसतं.

घरोघरच्या मुंडक्यांना त्यांनी नावं ठेवली होती. पाणी भरपूर घेऊन थोडंच देणारं ते तलाठी. सगळं दाराबाहेर फेकणारी ती सासू. अलकाकाकूंच्या फाटकाजवळचं एक मुंडकं कधी चालायचं, कधी नाही. ते जावई.

"याला काय झालंय?" केतकीने विचारलं.

"काय न्हाई. मान दिला की चालतंय," अण्णा म्हणाले, आणि त्याच्या भोवतीचं वाढलेलं गवत कात्रीने गोल कापलं. ते चाललं.

केतकीने दोन वर्षं अलंकार शिकले होते. ती वर खोलीत गेल्यावर ही नावं वहीत उतरवून ठेवायची. ऑफिसच्या कामाच्या वहीत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेआउटच्या कमिटीचं पत्र आलं.

शहरात पाण्याचा ओरडा झाल्यापासून कमिटी बागांवर डोळा ठेवून होती. आता बोअरचं पाणी पुन्हा खाली गेलं होतं. एका कंपनीचा माणूस प्लॅस्टिकच्या गवताचा नमुना घेऊन आला होता. पायपुसण्याएवढा हिरवा तुकडा. कमिटीचे चिटणीस बिंदुमाधव राव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी पत्रात लिहिलं होतं की घरगुती स्प्रिंकलर पाणी वाया घालवतात, अर्धं रस्त्यावर जातं, सबब बागेच्या सगळ्या पाइपलाइन एक एप्रिलपासून बंद करण्यात याव्यात.

बसवंतअण्णा स्वतः बिंदुमाधव रावांच्या दारी गेले. चपला बाहेर काढून, पण मान खाली न घालता. केतकी सोबत होती, पत्र वाचून दाखवायला.

"राव, पाणी वाया जातंय ते मुंडकी घाण असल्यावर. स्वच्छ असली तर जात न्हाई."

"हे सिद्ध कसं करणार?"

"एक घर निवडा. वाट्या मांडा गवतावर, सारख्या. पाव तास पाणी सोडा. सगळ्या वाट्यांत सारखं पडलं तर समजा, काम बरोबर. मैदानावर आमी डबे मांडत होतो."

इंजिनिअर माणसाला हे आवडलं. त्यांनी लगेच कागद ओढला. वाट्या सोळा. वेळ पंधरा मिनिटं. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. आणि रस्त्यावर एक थेंबसुद्धा पडता कामा नये.

"एकसुद्धा?" केतकीने विचारलं.

"एकसुद्धा," बिंदुमाधव राव म्हणाले. "परीक्षा एकदाच. नापास झालात तर त्रेचाळीसही घरांच्या लाइन बंद."

"सरी," बसवंतअण्णा म्हणाले.

परतताना केतकी चिडली होती. "अण्णा, एक थेंबसुद्धा नाही, असली अट मान्य कशी केलीत?"

"मग काय म्हणू? दोन थेंब पडू देत म्हणू?"

थोडं चालल्यावर ते म्हणाले, "ही घरं गेली तर मी गावाकडं जाणार, केतक्का. तिकडं भावाच्या दारात बसून ऱ्हायचं. मला दुसरं काय येत न्हाई." हे त्यांनी बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

घर अलकाकाकूंचं ठरलं. तारीख बावीस, रविवार. आणि तेवढ्यात डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. वर्षभर लांबलेली शस्त्रक्रियेची तारीख आता सोळा ठरली होती, आणि पुढे ढकलली तर नंबर पुन्हा वर्षाने.

"जाऊन या," अलकाकाकू म्हणाल्या. "डोळा आधी. गवत काय पळतंय?"

सोळाला शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावर काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि दोन आठवडे वाकायचं नाही. हे शेवटचं डॉक्टरांनी एकदा सांगितलं आणि त्यांच्या बायकोने, चंद्राबाईने, शंभरदा.

वाकल्याशिवाय मुंडकी साफ होत नाहीत.

"मी करते," केतकी फोनवर म्हणाली. "तुम्ही सांगा, मी करते. सहा महिने बघतेय मी."

मग अण्णांनी सांगायला सुरुवात केली. नळी वर ओढली की सोडायची नाही, आत स्प्रिंग असते, झटक्यात खाली जाते. टोपी हाताने फिरवायची, पक्कड लावायची नाही. भोकात टाचणी अजिबात घालायची नाही.

"का?"

"भोक मोठं झालं की त्याचं पोट सुटतंय. मग ते बाकीच्यांचं पाणी पितंय. जुन्या टूथब्रशचा एक केस घ्या, त्यानं काढा. आन् बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसलाय बगा, त्याला चिंचेचा कोळ. रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी थर आपोआप सुटंल."

केतकीने सगळं लिहून घेतलं. बुधवारी संध्याकाळी तिने अकरा मुंडकी काढली. स्प्रिंग एकदा सुटली आणि नखाला लागली. अलकाकाकूंनी आतून विचारलं, "कोळ हवा? फ्रिजमध्ये आहे की भांडंभर. आजच केलाय." केतकीने तो मोठ्या घमेल्यात ओतला, वर पाणी घातलं, अकरा मुंडकी त्यात बुडवली.

सकाळी थर खरंच सुटला होता. मुंडकी नवी दिसत होती. तिने ती पाण्यातून एकदा काढली, कुंपणाच्या भिंतीवर ओळीने वाळत ठेवली, ऑफिसची मीटिंग उरकली आणि दुपारी बसवली. तिला स्वतःचा अभिमान वाटला. तिने फोटो काढून चंद्राबाईच्या फोनवर पाठवला.

शुक्रवारी सकाळी अण्णा आले. चंद्राबाई बरोबर होती, पिशवीत थेंबांची बाटली घेऊन. अलकाकाकूंनी हिरवळीच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. अण्णा बसले. चंद्राबाई मागे उभी राहिली, कारण बसल्या बसल्याही माणूस वाकू शकतो.

"सोडा पाणी," अण्णा म्हणाले.

केतकीने चावी फिरवली. चार मुंडकी वर आली आणि नीट फवारू लागली. तीन वर आली आणि थुंकू लागली. बाकीची आलीच नाहीत. थुंकणाऱ्या मुंडक्यांतून पाण्याबरोबर काहीतरी काळं उडत होतं.

केतकी जवळ गेली. मुंग्या होत्या. शेकडो, काळ्या, बुडणाऱ्या.

"बंद करा," अण्णा म्हणाले. "एक काढून द्या इकडं."

तिने एक मुंडकं काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं. नाकाशी नेलं. मग जिभेला लावलं.

"गूळ," ते म्हणाले.

अलकाकाकूंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "अय्यो. तो आमटीचा कोळ होता ग! आमटीच्या कोळात मी गूळ घालूनच ठेवते."

"मी विचारलंच नाही," केतकी म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? आमच्याकडे बिनगुळाचा कोळ असतोय कुठे?"

"गोडा मसाला घातलासा की न्हाई, अक्का?" अण्णांनी विचारलं.

चंद्राबाई पहिल्यांदा हसली. मग अलकाकाकू हसल्या. केतकीला रडू येत होतं. परवा परीक्षा होती. चारशे ऐंशी मुंडकी, त्रेचाळीस घरं, एका माणसाचं राहणं, आणि तिने त्याच्यावर गूळ ओतला होता.

"माझ्यामुळे सगळं जाईल अण्णा."

"कुठं जातंय? मुंग्या हायत, वाघ न्हाईत." त्यांनी मुंडकं गुडघ्यावर ठेवलं. "मी मैदानावर नवीन हुतो तवा एका पितळी स्प्रिंकलरला नारळाचं तेल लावलं, चांगलं फिरावं म्हणून. दुसऱ्या दिवशी उंदरांनी त्याचं रबर खाल्लं. रबरासकट तेल. फोरमन मला आठ दिवस उंदीरच म्हणायचा. आता चला. सगळी काढा. पहिल्यापासून."

मग केतकीने जे पाहिलं ते तिला नंतर कोणाला नीट सांगता आलं नाही. खुर्चीत बसलेला, काळा चष्मा लावलेला माणूस, न वाकता, अख्खं अंगण दुरुस्त करत होता. हात फक्त तिचे होते.

त्यांनी तिला अकराही मुंडकी काढायला लावली आणि उघड्या नळ्यांतून पाणी सोडायला लावलं. चावीजवळची नळी आधी. तिच्यातून आधी मुंग्या आल्या, मग गढूळ पाणी, मग वाळू. "अजून," ते म्हणत. तिला पाणी स्वच्छ दिसत होतं. "अजून. वाळू वाजायलीय." तिने ओंजळ धरली. तळाशी खरंच चार कण होते. पाणी निवळल्यावर ती नळी अंगठ्याने दाबून धरायची, म्हणजे जोर पुढच्या नळीला जाईल. मग पुढची. अकराव्या नळीपर्यंत तिचा कुर्ता चिखलाने कडक झाला होता.

"आता मुंडकी साध्या पाण्यात. तीनदा. प्रत्येक जाळी उजेडाकडं धरून बघा. चाळणीतनं चांदणं दिसाय पायजे."

"सूर्य आहे अण्णा."

"मग सूर्य बघा. एकेक भोक."

मध्येच त्यांचा जीव राहिला नाही. एक स्प्रिंग तिच्या हातून गवतात पडली आणि ते उचलायला पुढे झुकले. चंद्राबाईने मागून त्यांच्या शर्टाची कॉलर पकडली. "बसा. डोळा काय शेजाऱ्याचा हाय?"

"स्प्रिंग पडली बग."

"पडू दे. ती पोरगी तरणी हाय."

मुंडकी बसवायची वेळ आली तेव्हा ते गंभीर झाले. प्रत्येक टोपीच्या माथ्यावर एक बारीक स्क्रू असतो. त्याने पाणी किती लांब पडायचं ते ठरतं. केतकीने पाणी सोडलं, एकेका मुंडक्यापाशी बसली, आणि अण्णा आवाजावरून सांगत गेले. दुसऱ्याला पाव फेरा आत. सहाव्याला अर्धा बाहेर. "नववं कुंपणाच्या पत्र्याला लागायलंय. वळवा डावीकडं. अजून. हां." केतकीने नवव्याकडे पाहिलं. पत्र्यावर पाण्याची बोटभर रेघ होती. ती अण्णांच्या खुर्चीपासून पंचवीस पावलांवर होती आणि केतकीलाही जवळ गेल्यावरच दिसली होती.

"तुम्हाला हे ऐकू येतं?"

"तुमाला कविता कशी कळते?"

"वाचून वाचून."

"मग."

दुपारी दोनला अकरावं मुंडकं बसलं. अण्णांनी डोळे मिटले, तोंड वर केलं आणि बराच वेळ ऐकलं. "आता झोप लागंल मला," ते म्हणाले. चंद्राबाईने त्यांच्या डोळ्यात थेंब घातला.

रविवारी सकाळी साडेसातला बिंदुमाधव राव स्कूटरवरून आले. फाटकाबाहेर, कुंपणाला लागून स्कूटर लावली. हातात वही, शाळेची पट्टी, मनगटावर घड्याळ. अलकाकाकूंनी लग्नातल्या स्टीलच्या वाट्या काढल्या होत्या. मुळात चोवीस. आठ भिशीच्या बायकांकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. बरोबर सोळा उरल्या होत्या. त्यांनी त्या राखेने घासल्या होत्या, जणू पाहुणे जेवायला बसणार आहेत.

बिंदुमाधव रावांनी पावलांनी अंतर मोजून स्वतः वाट्या मांडल्या. चार ओळी, चार-चारच्या. शेजारपाजारची पाच-सहा माणसं कुंपणाशी जमली होती.

"सोडा," ते म्हणाले.

अकरा पिसारे एकदम उठले. एकही थुंकलं नाही. पाणी गवतावर पडत होतं, वाट्यांत पडत होतं, बारीक, सारखं. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. चंद्राबाईचा हात कॉलरच्या जवळ होता.

पाच मिनिटं. आठ. बाराव्या मिनिटाला शेतांकडून थोडा वारा सुटला.

बिंदुमाधव राव घड्याळावर नजर ठेवून होते. पंधरा होताच त्यांनी हात वर केला. केतकीने पाणी बंद केलं. ते एकेका वाटीपाशी गेले, पट्टी बुडवली, वहीत आकडा लिहिला. नऊ. साडेनऊ. नऊ. दहा. नऊ. सोळा वाट्या झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

"सर्वांत कमी नऊ, सर्वांत जास्त दहा," ते म्हणाले. "मी खात्यात असताना नव्या कालव्यालाही इतकं सारखं पाणी मिळालेलं पाहिलं नाही." मग त्यांनी फाटकातून बाहेर जाऊन रस्ता पाहिला. रस्ता कोरडा होता. "रस्त्यावर काही नाही. ठीक आहे. पास."

कुंपणापलीकडे कोणी टाळ्या वाजवल्या. केतकीने चंद्राबाईला मिठी मारली.

"राव," बसवंतअण्णा म्हणाले. "तुमच्या गाडीच्या सीटवर पडलंय."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"वारा आला तवा. कोपऱ्यातल्या मुंडक्याचं. सीटच्या रेग्झिनवर टकटक वाजत हुतं. गाडी नसती तर रस्त्यावर पडलं असतं ते."

बिंदुमाधव राव स्कूटरपाशी गेले. सीटवर पाणी होतं. फार नाही, तळहाताएवढ्या जागेत शिंतोडे.

"अहो तुम्हाला विचारलं होतं का कुणी?" अलकाकाकू ओरडल्या. "पास म्हणाले ना ते? तोंड मिटून बसायला काय होत होतं तुम्हाला?"

"ठरलं हुतं तसं. एकसुद्धा न्हाई."

"देवा रे. ह्या माणसाच्या डोळ्याऐवजी तोंडाचं ऑपरेशन करायला हवं होतं."

केतकीने अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर पश्चात्ताप नव्हता आणि मोठेपणाही नव्हता. घसा खाकरणाऱ्या मुंडक्याविषयी सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं होतं. चंद्राबाई मात्र दुसरीकडे बघत होती. तिने बाटलीचं झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

"किती थेंब असतील?" बिंदुमाधव रावांनी विचारलं.

"पंधरा-वीस. मोजले न्हाईत."

"मी पाच पावलांवर उभा होतो. मला एकही ऐकू आला नाही."

"तुमी घड्याळ बघत होतासा."

बिंदुमाधव रावांनी वहीत काहीतरी लिहिलं. कोणालाच वाचता आलं नाही. मग ते विसरूनच स्कूटरवर बसले, ओल्या सीटवर, आणि निघून गेले.

दोन दिवस गेले. केतकीने ऑफिसची एक अख्खी सूचना चुकीची लिहिली आणि ती तशीच गेली. अलकाकाकू अण्णांशी बोलत नव्हत्या. पण जेवणाच्या वेळी त्यांच्यासाठी डबा भरून केतकीकरवी पाठवत होत्या.

मंगळवारी संध्याकाळी बिंदुमाधव राव पायी आले. अण्णा त्या वेळी अंगणातच होते, चंद्राबाईसह, रिकामा डबा परत करायला आलेले.

"नियमाप्रमाणे तुम्ही नापास आहात," बिंदुमाधव राव उभ्या उभ्याच म्हणाले. "मी कमिटीला तसं लिहून दिलं. कसे नापास झालात तेही लिहिलं. आणि कमिटीला सांगितलं, तुमच्याकडे आणखी काही सांगायचं असेल तर ऐकून येतो. आहे का काही?"

अण्णांनी विचार केला. "रस्त्याकडची मुंडकी बंद करू या. प्रत्येक घरातली दोन-तीन. कडेचं हातभर गवत जाईल. तिथं काय न्हाई लावायचं, नुसती माती. बाकीचं पाणी पहाटे साडेपाचला, वारा उठायच्या आत. आटवड्यातनं तीनदा."

"म्हणजे गवत कमी होणार."

"व्हय. पण बाकीचं ऱ्हाईल."

"तुमचं कामही कमी होणार."

"ते माझं मी बगतो."

बिंदुमाधव रावांनी मान हलवली. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर त्यांनी जवळजवळ हेच आधीच लिहून आणलं होतं. फक्त मुंडक्यांची संख्या त्यांना माहीत नव्हती, तिथे रेघ सोडली होती. "आकडा सांगा," ते म्हणाले.

"एकशे चौदा," अण्णा लगेच म्हणाले.

चंद्राबाई पायरीवर बसली. तिने पदराने तोंड पुसलं.

कमिटीने तो कागद मान्य केला आणि त्या आठवड्याच्या शेवटी काम सुरू व्हायचं ठरलं. कुठल्या घरापासून, असं केतकीने विचारलं. अण्णा म्हणाले, रावांच्या. तिथे गेल्यावर केतकीला कळलं की बिंदुमाधव रावांनी स्वतःच्या बागेची लाइन वर्षापूर्वीच तोडली होती, दुसऱ्यांना सांगायचं तर आधी आपण, म्हणून. अंगण तपकिरी होतं. पायाखाली कुरकुर वाजत होतं.

"हे गेलं," बिंदुमाधव राव म्हणाले. "इथे वेळ घालवू नका. दुसरीकडून सुरुवात करा."

"केतक्का," अण्णा म्हणाले, "वीतभर खणा. हिथं. आन् जे मिळंल ते माझ्या हातात द्या."

तिने खुरप्याने खणलं. वर वाळकं जाळं होतं, खाली कोरडी लाल माती. तिने मुळांचा एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चुरला, वरची साल काढली आणि आतला धागा दोन बोटांत हलकेच ओढला. तो तुटला नाही. बिंदुमाधव राव नकळत जवळ आले होते.

"जीव हाय," बसवंतअण्णा म्हणाले. "तीन आठवडे लागतील, राव. पाइप कुठं तोडलाय तेवढं दाखवा."